नोझलची किमान जाडी कशी ठरवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रेशर व्हेसल म्हणजे दाबाखाली चालणारी टाकी. तिच्या ड्रॉइंगवर शेलची, म्हणजे मधल्या नळकांड्याची, जाडी सगळे तपासतात, डिश एंडची, म्हणजे टोकाच्या घुमटाकार झाकणाचीही तपासतात. नोझलपाशी, म्हणजे पाइप जोडण्यासाठी लावलेल्या तोंडापाशी, आलं की मात्र ‘दोन इंच, शेड्यूल ८०’ (शेड्यूल म्हणजे पाइपच्या जाडीचा क्रमांक) असं सवयीनं लिहून पुढे जातात. त्या सवयीतून निघालेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण भोसरी, चाकण, तळोजा, अंबरनाथ भागातल्या फॅब्रिकेशन शॉपमधले डिझायनर, क्वालिटीवाले आणि डिप्लोमा करून नुकतेच रुजू झालेले ड्राफ्ट्समन आहेत. उत्तरं एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संस्थेच्या कोडच्या, म्हणजे नियमावलीच्या, सेक्शन ८, डिव्हिजन १ ला धरून दिली आहेत. आवृत्तीनुसार कलमांची मांडणी सरकते, म्हणून तुमच्या डेटा शीटवर जी आवृत्ती लिहिली आहे ती शेजारी उघडी ठेवूनच हे वाचा.

१. नोझलची जाडी म्हणजे नेमकी कुठली जाडी?

शेल किंवा डिश एंडला वेल्ड केलेल्या नळीची, म्हणजे नेकची. फ्लँजला, म्हणजे टोकाच्या बोल्ट लावायच्या चकतीला, स्वतःचं रेटिंग असतं आणि पॅडचा, म्हणजे भोकाभोवती वेल्ड केलेल्या जादा प्लेटचा, हिशोब रीइन्फोर्समेंटमध्ये, म्हणजे भोकामुळे गेलेलं मटेरियल भरून काढण्याच्या हिशोबात, होतो. नेकसाठी वेगळं कलम आहे, यूजी-४५. नेकची जाडी सगळीकडे सारखी नसेल तर जिथे ती सर्वांत कमी आहे तिथे नियम पाळला गेला पाहिजे. वेल्ड नेक फ्लँज मागवताना बोअरचं (आतल्या भोकाचं) शेड्यूल नेकच्या शेड्यूलशी जुळवून लिहा. पाइप शेड्यूल १६० आणि फ्लँज शेड्यूल ४० च्या बोअरचा, अशी जोडी स्टोअरमधून निघाली की फिटरच्या हातात काम अडकतं.

२. दोन इंची नळीला दाबासाठी पाव मिलिमीटर पुरते. मग कोड साडेतीन मिलिमीटर का मागतो?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. व्यास लहान असला की दाबासाठी लागणारी जाडी खरोखरच नगण्य निघते. प्रश्न ५ मधल्या उदाहरणात ती ०.२५ मिमी येते. तेवढ्या जाडीची नळी हातानं दाबली तरी चेपेल.

नोझलला दाबाखेरीज बरंच काही सोसावं लागतं. त्याला व्हॉल्व्ह लटकतो, पुढे पाइपलाइन जोडलेली असते, ती तापली की वाढते आणि नोझलला ढकलते. व्हेसल ट्रेलरवर चढवताना स्लिंग नेमकी नोझलला घासते. साइटवर बोल्ट आवळताना स्पॅनरला पाइप लावून दोन माणसं लोंबकळतात. मेंटेनन्सचा माणूस वर चढताना ड्रेनच्या नोझलवर पाय देतो. यातलं बरंचसं कुठल्याच डेटा शीटवर नसतं. कोडनं त्यासाठी एक तळरेषा आखली आहे: नेक निदान शेलला लागणाऱ्या जाडीएवढा तरी असावा, किंवा बाजारात मिळणाऱ्या स्टँडर्ड वॉल पाइपएवढा तरी. दोन्हींपैकी जे कमी असेल तेवढं पुरतं. लहान नोझल तुटतो तेव्हा बहुधा शेलच्या वेल्डजवळ, वाकण्याच्या बळानं तुटतो, हे डोळ्यांसमोर ठेवलं की नियम आपोआप कळतो.

३. यूजी-४५ मध्ये कोणकोणते आकडे काढायचे असतात?

चार. कोडमध्ये त्यांना टी-ए, टी-बी१, टी-बी२ आणि टी-बी३ म्हटलंय.

टी-ए ही नेकला स्वतःला लागणारी जाडी आहे: आतल्या दाबासाठी यूजी-२७, बाहेरच्या दाबासाठी यूजी-२८, त्यात सीए म्हणजे करोजन अलाउन्स (गंजासाठी दिलेली जादा जाडी) आणि आटे पाडायचे असतील तर आट्यांसाठीची वाढ. टी-बी१ ही नोझल जिथे बसतो तिथल्या शेलला किंवा हेडला (डिश एंडला) आतल्या दाबासाठी लागणारी जाडी, जॉइंट एफिशियन्सी (वेल्डवर किती भरवसा ठेवायचा तो गुणक) १.० धरून, अधिक सीए. टी-बी२ बाहेरच्या दाबासाठी आहे. तिची गंमत प्रश्न ११ मध्ये. या दोन्ही यूजी-१६ च्या किमान जाडीखाली जाऊ शकत नाहीत. ती सर्वसाधारणपणे १.५ मिमी असते, आणि कार्बन किंवा लो अलॉय स्टीलच्या व्हेसलमध्ये हवा, वाफ किंवा पाणी असेल तर २.५ मिमी, सीए सोडून. टी-बी३ म्हणजे यूजी-४५ च्या तक्त्यातली जाडी अधिक सीए.

आता क्रम. टी-बी१ आणि टी-बी२ यांतली मोठी घ्या. तिची टी-बी३ शी तुलना करून लहान घ्या, ती झाली टी-बी. मग टी-ए आणि टी-बी यांतली मोठी, ती उत्तर. मोठी, लहान, मोठी: एवढा क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं. सगळ्या आकड्यांतला सर्वांत मोठा उचलणारे बरेच जण भेटतात. नोझल सुरक्षितच होतो, पण गिऱ्हाइकाला विनाकारण जड पाइप जातो.

४. तक्त्यातले आकडे आले कुठून?

स्टँडर्ड वॉल पाइपच्या जाडीतून साडेबारा टक्के वजा करून. मिलमधून पाइप तेवढा पातळ येऊ शकतो, याला मिल टॉलरन्स म्हणतात. २ इंची स्टँडर्ड पाइप ३.९१ मिमीचा, त्याचे साडेसत्त्याऐंशी टक्के ३.४२. नेहमी लागणारे आकडे असे: अर्ध्या इंचाला २.४२, पाऊण इंचाला २.५१, १ इंचाला २.९६, दीड इंचाला ३.२२, २ इंचाला ३.४२, ३ इंचाला ४.८०, ४ इंचाला ५.२७, ६ इंचाला ६.२२, ८ इंचाला ७.१६, १० इंचाला ८.११ आणि १२ इंच किंवा त्यापुढे सरसकट ८.३४ मिमी. १२ इंचापुढे आकडा वाढत नाही, हे मोठ्या नोझलच्या वेळी विसरू नका.

५. एक उदाहरण आकड्यांसकट दाखवाल का?

शेलचा आतला व्यास १२०० मिमी, डिझाइन प्रेशर १.० मेगापास्कल, तापमान १५० अंश सेल्सियस, मटेरियल एसए-५१६ ग्रेड ७०, सीए ३ मिमी. अनुज्ञेय ताण १३८ मेगापास्कल.

गंज खाऊन झाल्यावरची त्रिज्या ६०३ मिमी. सूत्र पी × आर ÷ (एस × ई − ०.६ × पी), पी म्हणजे दाब, आर त्रिज्या, एस अनुज्ञेय ताण, ई जॉइंट एफिशियन्सी. म्हणजे ६०३ ÷ १३७.४ = ४.३९ मिमी. सीए मिळवून टी-बी१ झाली ७.३९ मिमी.

आता २ इंची नोझल, एसए-१०६ ग्रेड बी, अनुज्ञेय ताण ११८. बाहेरचा व्यास ६०.३, म्हणून बाहेरच्या त्रिज्येचं सूत्र लावू: ३०.१५ ÷ (११८ + ०.४) = ०.२५ मिमी. टी-ए ३.२५. टी-बी३ म्हणजे ३.४२ + ३ = ६.४२. टी-बी ही ७.३९ आणि ६.४२ यांतली लहान, ६.४२. उत्तर ६.४२ मिमी.

पाइप निवडताना ६.४२ ला ०.८७५ नं भागा: ७.३४ मिमी. शेड्यूल ८० ची जाडी ५.५४, नापास. शेड्यूल १६० ची ८.७४, पास. सवयीनं लिहिलेला शेड्यूल ८० इथे उघडा पडतो.

त्याच शेलवर ६ इंची नोझल घेतला तर चित्र पालटतं. टी-ए ३.७१, टी-बी३ ९.२२, टी-बी१ तीच ७.३९. आता शेलचा आकडा लहान, म्हणून उत्तर ७.३९. भागून ८.४५. शेड्यूल ४० म्हणजे ७.११, नापास; शेड्यूल ८० म्हणजे १०.९७, पास. एकाच व्हेसलवर लहान नोझलला तक्ता ठरवतो आणि मोठ्याला शेल.

६. सीए आधी मिळवायचा की मिल टॉलरन्स आधी लावायचा?

सीए आधी. मग एकूण जाडीला ०.८७५ नं भागायचं. कारण साधं आहे: पाइप मिलमधूनच पातळ आलेला असू शकतो आणि त्या पातळ पाइपला पुढे गंज लागणार आहे.

इथे आणखी एक चूक होते. तक्त्यातला आकडा आधीच साडेबारा टक्के वजा केलेला आहे, म्हणून टॉलरन्स पुन्हा लावायची गरज नाही, असं काही जण म्हणतात. सीए शून्य असेल आणि तक्ताच ठरवत असेल तर स्टँडर्ड वॉल पाइप बरोब्बर बसतो, एवढं खरं. पण तक्ता सांगतो ती प्रत्यक्षात शिल्लक हवी असलेली जाडी. पाइप नॉमिनल जाडीनं मागवलात तर टॉलरन्स धरावाच लागतो.

७. १ इंची नोझलला शेड्यूल १६० सुद्धा नापास होतो, हे बरोबर आहे का?

३ मिमी सीए असेल आणि तक्ता ठरवत असेल तर हो. २.९६ + ३ = ५.९६ मिमी हवेत. १ इंची शेड्यूल १६० ची जाडी ६.३५, टॉलरन्स जाऊन ५.५६ उरते. डबल एक्स्ट्रा स्ट्राँग पाइप ९.०९ मिमीचा असतो, तो पास होतो. दीड इंचाचं तर नवलच: ६.२२ हवेत आणि शेड्यूल १६० च्या ७.१४ मधून ६.२५ मिळतात. शंभराव्या भागात तीन, एवढ्यावर पास.

म्हणूनच अनेक प्रोसेस कंपन्यांच्या स्पेसिफिकेशनमध्ये व्हेसलवर दीड किंवा दोन इंचाखाली नोझल नको असं लिहिलेलं असतं, आणि लहान नोझल लागलाच तर फोर्ज्ड लाँग वेल्ड नेक (फ्लँज आणि जाड नेक एकाच तुकड्यात) घेतात. माझाही कल तिकडेच आहे. ड्रेनचा १ इंची नोझल हा पूर्ण व्हेसलवरचा सगळ्यात दुबळा भाग असतो.

८. रीइन्फोर्समेंटच्या हिशोबात पाइपची पूर्ण जाडी धरतात, इथे कमी. दोन नियम का?

कोडनंच तशी सूट दिली आहे. यूजी-३७ चा क्षेत्रफळाचा हिशोब करताना नॉमिनल जाडी घेता येते, त्यातून सीए वजा करायचा. यूजी-४५ ला ही सूट लागू नाही. एक्सेलच्या शीटमध्ये दोन्हींसाठी एकच सेल जोडला तर एकीकडे चूक होणारच. जाडीसाठी दोन वेगळे सेल ठेवा आणि नावं स्पष्ट लिहा.

९. नोझल लहान म्हणून रीइन्फोर्समेंट माफ आहे. मग यूजी-४५ ही माफ ना?

नाही. यूजी-३६ मधली माफी फक्त क्षेत्रफळाच्या हिशोबाची आहे: शेल १० मिमीपर्यंत असेल तर ८९ मिमी व्यासापर्यंतचं भोक, त्याहून जाड शेलमध्ये ६० मिमीपर्यंत. नेकच्या जाडीचा नियम सगळ्यांना आहे. उलट माफी मिळणारे नोझल लहान असतात, आणि यूजी-४५ ची खरी गरज त्यांनाच असते.

१०. शेलची जॉइंट एफिशियन्सी ०.८५ आहे. टी-बी१ मध्ये तीच घ्यायची ना?

नाही, १.० घ्यायची. ०.८५ हा शेलच्या वेल्डचा प्रश्न आहे, नेकला त्याच्याशी देणंघेणं नाही. दाब मात्र नोझलच्या जागचा घ्या: उभ्या टाकीच्या तळाशी द्रवाच्या उंचीचा दाबही मिळवावा लागतो.

टी-ए मध्ये नेकचीच एफिशियन्सी येते. सीमलेस पाइपला १.०. ईआरडब्ल्यू (उभी शिवण विजेनं वेल्ड केलेल्या) पाइपच्या बाबतीत अनुज्ञेय ताणाच्या तक्त्यातच ०.८५ चा गुणक आधीच धरलेला असतो, तिथे पुन्हा गुणू नका.

११. व्हेसल व्हॅक्यूमचं आहे. व्हॅक्यूमसाठी शेलला जी जाडी लागली तीच टी-बी२ का?

नाही, आणि इथे मोठमोठे लोक फसतात. बाहेरच्या दाबाचा आकडा घ्यायचा, तो आतला दाब आहे असं समजायचं आणि आतल्या दाबाच्या सूत्रात घालायचा. प्रश्न ५ च्या शेलवर पूर्ण व्हॅक्यूम असेल तर ०.१०१३ × ६०३ ÷ १३७.९४ = ०.४४ मिमी. हे १.५ मिमीखाली गेलं म्हणून १.५ घेऊन सीए मिळवायचा: ४.५ मिमी. बाहेरच्या दाबानं शेल चेपू नये म्हणून लागणारी जाडी याच्या कितीतरी पट असते, पण चेपण्याचा धोका मोठ्या व्यासाच्या शेलला आहे, आखूड लहान नळीला नाही. नेक चेपतो का हे टी-ए मध्ये यूजी-२८ नं वेगळं तपासलं जातंच.

जॅकेट (शेलभोवतीचं दुसरं आवरण) असलेल्या रिअॅक्टरमध्ये जॅकेटमधून जाणाऱ्या नोझलकडे जास्त लक्ष द्या. त्या नेकवर बाहेरून जॅकेटचा दाब असतो आणि आत व्हॅक्यूम असू शकतो. दोन्हींची बेरीज बाहेरचा दाब म्हणून धरा. जॅकेट ०.६ मेगापास्कलचं असेल तर एकूण ०.७, आणि त्याच शेलवर टी-बी२ साठी सीए सोडून ३.०७ मिमी येतात. सीए कोणत्या बाजूला किती, हेही इथे ठरवावं लागतं: नेकला आतून उत्पादन लागतं आणि बाहेरून जॅकेटमधलं पाणी किंवा वाफ.

१२. मॅनहोलला हे सगळं लागू आहे का?

माणसाला आत जाण्यासाठी ठेवलेल्या आणि फक्त तपासणीसाठी असलेल्या नोझलला टी-ए पुरते, टी-बी बघायची गरज नाही. त्यांना पाइपलाइन जोडलेली नसते, म्हणून ही सूट. प्रश्न ५ च्या व्हेसलवर ५०८ मिमी बाहेरच्या व्यासाचा मॅनहोल त्याच प्लेटमधून रोल केला आणि एफिशियन्सी ०.८५ धरली तर २.१६ + ३ = ५.१६ मिमी येतात. प्रत्यक्षात एवढा पातळ मॅनहोल बनत नाही, कारण रीइन्फोर्समेंट जास्त मागतं.

मॅनहोलच्या नेकवरूनच प्रोसेसची लाइन काढली असेल तर मी सूट घेत नाही. त्याला लाइनचं बळ येणार, मग साध्या नोझलसारखाच तपासतो.

१३. नेक प्लेट रोल करून बनवला तर साडेबारा टक्के धरायचे का?

नाही, ते पाइपचं आहे. प्लेट ऑर्डर केलेल्या जाडीपेक्षा ०.२५ मिमी किंवा सहा टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढी पातळ आली तरी कोड चालवून घेतो. मात्र नेकला आता उभी शिवण आली. तिची एफिशियन्सी टी-ए मध्ये धरावी लागते. टी-बी च्या आकड्यांवर तिचा परिणाम नाही.

१४. फोर्जिंगचा बाहेरचा व्यास कुठल्याच पाइपशी जुळत नाही. तक्त्यातली कुठली ओळ?

वरची, म्हणजे मोठ्या व्यासाची. नेकचा बाहेरचा व्यास १०० मिमी असेल तर ३ इंची पाइप ८८.९ चा आणि साडेतीन इंची १०१.६ चा, म्हणून साडेतीन इंचाची ओळ, ५.०२ मिमी. जवळचा आकडा म्हणून खाली जायची मुभा नाही.

१५. नोझलच्या टोकाला आटे पाडायचे आहेत. वाढ किती धरायची?

२० ला एका इंचातल्या आट्यांच्या संख्येनं भागायचं, उत्तर मिलिमीटरमध्ये. १ इंची एनपीटीला (निमुळत्या पाइप आट्यांना) इंचाला साडेअकरा आटे असतात, म्हणजे १.७४ मिमी. ही वाढ टी-ए मध्ये येते, टी-बी मध्ये नाही.

१६. स्टेनलेसच्या टाकीला शेड्यूल १०एस चालतो का? सगळे तोच लावतात.

कमी दाबाच्या टाकीला बरेचदा चालतो, पण हिशोब दाखवून. समजा १००० मिमी व्यासाची ३०४एल टाकी, दाब ०.२ मेगापास्कल, अनुज्ञेय ताण ११५, सीए शून्य. शेलला लागतात ०.८७ मिमी, म्हणून टी-बी१ झाली १.५. तक्ता २ इंचाला ३.४२ मागतो, पण लहान आकडा घ्यायचा असल्यानं टी-बी १.५ च. शेड्यूल १०एस ची जाडी २.७७, टॉलरन्स जाऊन २.४२ उरते. पास.

दाब वाढला किंवा टाकी मोठी झाली की हे गणित फिरतं. आणि एवढ्या पातळ नळीला जड व्हॉल्व्ह लावणार असाल तर प्रश्न १७ वाचा.

१७. यूजी-४५ पास झालं म्हणजे पाइपिंगचे लोड वेगळे तपासायला नकोत ना?

तपासायलाच हवेत. टी-ए काढताना यूजी-२२ मधली बाहेरची बळं आणि मोमेंट विचारात घ्या असं कलमच सांगतं, आणि त्यांच्यामुळे नेकमध्ये येणारा शिअर ताण नेकच्या मटेरियलच्या अनुज्ञेय ताणाच्या ७० टक्क्यांवर जाऊ देत नाही. शेलवरच्या परिणामासाठी डब्ल्यूआरसी ५३७ किंवा २९७ ही बुलेटिनं वापरतात. पाइपिंगवाल्यांकडून लोड आले नसतील तर गिऱ्हाइकाच्या स्पेसिफिकेशनमधला किमान लोडचा तक्ता लावा आणि ड्रॉइंगवर तसं लिहून ठेवा. हे न लिहिल्यामुळे एका कामात साइटवर नोझलला नंतर गसेट (आधाराच्या पट्ट्या) जोडावे लागले होते. वेल्डिंग, पुन्हा पीटी (पृष्ठभागावरच्या भेगा शोधणारी चाचणी), पुन्हा हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी). एक ओळ लिहिली असती तर ते आठ दिवस वाचले असते.

१८. स्टोअरमधल्या शेड्यूल ८० च्या पाइपची जाडी मोजली तर नॉमिनलपेक्षा जास्त निघते. ती धरून पास करता येईल का?

परवाच एकानं २ इंची तुकड्यावर प्रोब फिरवून दाखवला: ५.६, ५.७, ५.४, ५.६. पाइप चांगला आहे यात शंका नाही. पण त्याच तुकड्यावर चार बिंदू सोडून पाचव्या जागी काय आहे हे प्रोब सांगत नाही, आणि डिझाइनच्या हिशोबात नॉमिनल जाडीनं घेतलेल्या पाइपचा टॉलरन्स धरणं बंधनकारक आहे. प्रश्न ५ च्या नोझलला तर ६.४२ हवेत, तिथे ५.७ चाही उपयोग नाही. मार्ग एकच: पाइप मागवतानाच किमान जाडी लिहून मागवा. तसा पाइप आला की साडेबारा टक्के धरायची गरज नाही.

१९. भारतात बसवायच्या व्हेसलला एवढंच पुरतं का?

कोडचा हिशोब तोच राहतो, मंजुरी वेगळी लागू शकते. दाबाखालचे वायू साठवणाऱ्या व्हेसलना २०१६ चे स्टॅटिक अँड मोबाइल प्रेशर व्हेसल्स नियम लागतात आणि ते काम पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटकं आणि पेट्रोलियम सुरक्षा संस्थेकडे आहे, ज्याचं मुख्यालय नागपूरला आहे. वाफेच्या बाबतीत आयबीआर १९५० (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) येतं, त्याची सूत्रं आणि किमान जाड्या वेगळ्या आहेत. ऑर्डर आयबीआरची असेल तर यूजी-४५ चं पान जोडून भागत नाही, आयबीआरचा हिशोब स्वतंत्र करा.

२०. दहा वर्षं चाललेल्या व्हेसलचा नोझल झिजलाय. मूळ ड्रॉइंगवरची जाडी आता नाही. बाद करायचा?

लगेच नाही. सीए झिजण्यासाठीच दिलेला असतो. प्रश्न ५ च्या २ इंची नोझलला सीए सोडून ३.४२ मिमी लागतात. मोजलेली सर्वांत कमी जाडी त्याच्या वर असेल, तर झिजण्याच्या वेगावरून पुढच्या तपासणीची तारीख ठरवता येते. हे काम एपीआय ५१० या तपासणीच्या कोडप्रमाणे चालतं. ३.४२ च्या खाली गेला असेल तर एपीआय ५७९ (झिजलेला भाग वापरण्याजोगा आहे का हे ठरवणारं मानक) नुसार मूल्यमापन करा, किंवा नोझल बदला. जाडी मोजताना नेकचा खालचा भाग आणि शेलच्या वेल्डलगतचा पट्टा सोडू नका. आडव्या नोझलमध्ये पाणी तळाशी साचतं, आणि वरच्या बाजूला ८ मिमी दाखवणारा नेक खाली ४ वर आलेला असू शकतो.